केळव्याचा काळा कमरपट्टा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि चहा गार करू नका, गोष्ट जरा लांब आहे.

माझ्या हातून आजवर ज्या चुका झाल्या, त्या सगळ्या ठाम आत्मविश्वासानं झाल्या. बिचकत बिचकत, घाबरत घाबरत चूक करणं मला कधी जमलंच नाही. जे करायचं ते चारचौघांत, मोठ्या आवाजात आणि वर दोन उपदेश करून. त्यामुळे माझी फजितीसुद्धा कधी चोरून झाली नाही. या चुकीची तर दोन गावांत झाली.

तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे तिथे नकाशे काढायच्या कामाला लागले आणि मी लग्नानंतर वर्षभरातच साताऱ्याहून थेट समुद्राकाठी येऊन पडले. बोईसरला जागा मिळेना. शेवटी सालवडला यमुनाकाकूंच्या घराला लागून दोन खोल्या मिळाल्या. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. भाताची थोडी जमीन, दारात कोंबड्या, आणि सुमन नावाची एकुलती एक मुलगी. स्वभावानं इतक्या गरीब, की भाडं मागायला आल्या तरी आधी भाजी देऊन जायच्या.

आम्ही साताऱ्याहून निघताना सासूबाईंनी मला एकच गोष्ट बजावली होती. म्हणाल्या, "तिकडं समुद्राकाठी काय वाटेल ते खातात. खाऊ देत. पण आपल्या घरात अंडं शिरता कामा नये."

मी म्हटलं, त्यात काय एवढं? अंड्याशी माझा संबंध येणारच कुठे?

हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

तर, मी इंटर सायन्स. आता तुम्हाला त्यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या काळी सालवडला इंटर सायन्स झालेली बाई म्हणजे काय विचारता! दूध नासलं की मला विचारायचे, गुळाला मुंग्या लागल्या की मला विचारायचे. एकदा तर म्हशीनं दूध चोरलं म्हणून एक गृहस्थ सल्ल्याला आले होते. आणि मी काय करावं? मी सल्ला दिला. नाही म्हणायची सवयच नव्हती.

त्या वर्षी सुमनचं लग्न ठरलं. मुलगा केळव्याचा. नारळी-पोफळीची वाडी, चांगलं घर, आणि मुलगा सुमनला मनापासून आवडलेला. साखरपुड्याला मुलाकडून तिला चांदीचा कमरपट्टा घातला होता. त्यांच्या घरातली जुनी वस्तू. मुलाच्या आजीला तिच्या सासूनं दिलेली. हाच पट्टा कंबरेला बांधून नवरी लग्नाला उभी राहते, अशी त्या घराची रीत.

सुमननं एक दिवस तो मला दाखवायला आणला. काय सांगू, कारागिरी बघत राहावी अशी होती! तांदळाएवढ्या कड्यांची वीण, मध्ये कोयऱ्या, कोयऱ्यांच्या आत केसासारख्या तारांची जाळी. पण सगळा पट्टा काळा. जरासा झाकोळलेला नव्हे, चुलीवरच्या तव्यासारखा काळा.

मी म्हटलं, "सुमन, हे असं घालून तू बोहल्यावर उभी राहणार?"

तिनं मान खाली घातली. तिलाही ते खुपत होतंच. काकू मात्र म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ताई. त्यांची वस्तू हाय. जशी दिली तशी बरी."

इथे एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. मी म्हटलं, त्यात काय एवढं? तासाभरात पांढरा करून देते.

आणि मग मी काकूंना एक व्याख्यानच दिलं. चिंच लावायची नाही, फटीत अडकून राहते. राखेनं घासायचं नाही, चरे पडतात. असल्या नाजूक कड्यांना ब्रशसुद्धा दाखवायचा नाही, झिजून तुटतात. शास्त्रीय पद्धत एकच. उकळतं पाणी, मूठभर मीठ, मूठभर धुण्याचा सोडा, आणि पट्टा आत सोडून द्यायचा. हात लावायचा नाही. कॉलेजच्या वसतिगृहात माझी शेजारीण तिचे पैंजण असेच धुवायची, आणि मी ते रोज बघितलं होतं.

माझ्या स्वयंपाकाच्या भांड्यात सोडा कोण घालणार? म्हणून मी विहिरीपाशी पडलेलं काकूंचं एक जुनं जर्मनचं पातेलं उचललं. आता तुम्ही ॲल्युमिनियम म्हणता, तेव्हा सगळे जर्मनच म्हणायचे. काकू त्यात कोंबड्यांसाठी कोंडा शिजवायच्या. पोचे पडलेलं, एका बाजूला कललेलं. ते विसळून घेतलं, पाणी उकळलं, मीठ-सोडा टाकला आणि पट्टा सोडला.

पाणी फसफसलं. आणि असा काही वास सुटला, की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कोंबडीनं कुटं अंडं दडवलंय काय? सडलेल्याचा वास येतोय."

मी जन्मात अंडं हुंगलेलं नव्हतं. मी म्हटलं, सोड्याचा वास आहे.

थोड्या वेळानं पट्टा काढला तर काय! पांढराशुभ्र. कोयरीतली तार न् तार मोजून घ्यावी असा. सुमननं तो दोन्ही हातांत धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. काकूंनी माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. मी मात्र अगदी शांत. हुशार माणसानं अशा वेळी शांतच राहायचं असतं. फक्त तो पट्टा आळीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला, इतकंच.

लग्नाला थोडे दिवस राहिले आणि केळव्याहून आजी आल्या. पट्टा सुमनच्या कंबरेला नीट बसतो का, कड्या काढाव्या लागतील का, ते बघायला. सोबत मुलाचे वडील होते, पण ते आईसमोर सुपारी कातरून चघळण्यापलीकडे तोंडाचा उपयोग करत नसत. काका, म्हणजे सुमनचे वडील, नेमके मनोरच्या बाजाराला गेलेले. म्हणजे पाहुण्यांसमोर काकू, सुमन, आणि अर्थात मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण माझं कौतुक होणार होतं, आणि तिथे मीच नाही, हे बरं दिसलं असतं का?

आजी म्हणजे वाळक्या अंगाच्या, ताठ, पांढरं लुगडं, आणि मनगटात एक रुंद चांदीचं कडं. तेही काळंकुट्ट. मी मनात म्हटलं, आजी, तुमचाही नंबर लावते.

सुमननं ताटात पट्टा आणून ठेवला. मी आजींच्या तोंडाकडं बघत होते. आता खुलतील, मग खुलतील.

आजींनी पट्ट्याला हातच लावला नाही. म्हणाल्या, "ही कोनाची वस्तू?"

"तुमचीच, बाय," काकू म्हणाल्या.

"आमची नाय."

मुलाच्या वडलांचा अडकित्ता थांबला.

आजींनी आवाज जराही चढवला नाही, म्हणून तर ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, आमची चांदी जुनी, चोख, काळी. माझ्या सासूच्या अंगावरची. ही पांढरी चांदी बाजारातली, कालची. तुम्ही आमचा पट्टा मोडलात आणि ही हलकी चांदी आणून ठेवलीत. काकूंनी नक्षी दाखवली, कोयऱ्या दाखवल्या. आजी म्हणाल्या, "नक्षी काय, सोनार कशाचीबी करतो."

आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "साखरपुड्याची वस्तू मोडनाऱ्या घरात आमाला सोयरीक नाय करायची."

सुमन दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. त्या पोरीचं ठरलेलं लग्न माझ्या मूठभर सोड्यापायी मोडत होतं.

पण म्हणून मी गप्प बसणार का? मी पुढे झाले. म्हटलं, "आजी, पट्टा तोच आहे. मी धुतला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "तू कोन?"

"मी यांची भाडेकरू. इंटर सायन्स."

आता यातलं दुसरं सांगायची गरज होती का? पण मला वाटलं, त्यानं वजन पडेल. आजींवर ते पडलं नाही. त्या म्हणाल्या, "पोरी, मी सासूसंगं ती चांदी वर्सानुवर्सं घासली. चिंच लावली, राख लावली. वरचं निघायचं, आतलं कदी हाललं नाय. आनि तू एका दुपारी पांढरी केलीस?"

"तासाभरात केली," मी म्हटलं.

हे त्यांना आणखीच खोटं वाटलं.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. म्हटलं, "त्यात काय एवढं? तुमच्या हातातलं कडं द्या. तुमच्या डोळ्यांसमोर धुऊन दाखवते. पांढरं झालं तर पट्टा तुमचाच, हे मान्य करायचं."

आजींनी मनगट पुढे केलं. कडं लग्नापासून मनगटात होतं, ते निघता निघेना. खोबरेल तेल लावलं, साबण लावला, मी ओढते, त्या ओढतात. अखेर निघालं. त्यांनी ते माझ्या हातात अशा नजरेनं ठेवलं, की हे परत आलं नाही तर मीही घरी परत जाणार नाही, हे मला न सांगता कळलं.

मी पदर खोचला. काकूंना म्हटलं, चूल पेटवा, पातेलं आणा.

आणि इथे काकूंनी काय केलं? त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तरी तेच केलं असतं. मुलाकडची मोठी माणसं ओटीवर बसलेली, आणि त्यांच्यासमोर कोंबड्यांचं कोंड्याचं पातेलं आणायचं? काकूंनी लग्नासाठी नवीन कल्हई करून घेतलेलं पितळी पातेलं काढलं. आत बघून कुंकू लावावं इतकं लख्ख. मलाही ते बघून बरंच वाटलं. प्रयोगाला साजेसं भांडं होतं.

पाणी उकळलं. मीठ टाकलं, सोडा टाकला, कडं सोडलं. आणि वेळ जावा म्हणून मी बोलायला लागले. चांदीवर काळं का चढतं, ते हवेतल्या गंधकामुळे कसं चढतं, चोख चांदी नि हलकी चांदी. अगदी खडू-फळा असल्यासारखं. आजी ऐकत होत्या. मुलाचे वडील पातेल्यात डोकावत होते. त्यांचं डोकावणं मला जरा लवकर थांबायला हवं होतं, पण ते थांबेना.

मी चिमट्यानं कडं बाहेर काढलं.

काळं. उलट आंघोळ करून आल्यासारखं जास्तच काळं दिसत होतं.

मी म्हटलं, सोडा कमी पडला. आणखी सोडा टाकला. पुन्हा काढलं. काळं. मीठ टाकलं. काळं. जाळ वाढवला, माझ्या बोटांना चटके बसले, चष्म्यावर वाफ धरली, घरातलं मीठ संपत आलं. काळं ते काळंच. आणि माझ्या तोंडाची टकळी मात्र चालूच. कडं फार जुनं असल्यामुळे वेळ लागतोय, असं मी ठासून सांगत होते.

आजी आपल्या लेकाला म्हणाल्या, "चल रे. एसटी जाईल."

काकू रडायलाच लागल्या. तेवढ्यात सुमन चौकटीतून पुढे आली. लग्न ठरलेली मुलगी सासरच्या माणसांसमोर तोंड उघडत नसे तेव्हा. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी वास आला हुता. आज नाय आला. त्या दिवशी पातेलं दुसरं हुतं."

आणि मी काय म्हणावं? मी तिला समजावलं, हो, समजावलं! "सुमन, पातेल्यानं काय होतंय? औषध सोड्यात आहे."

सुमननं माझ्याकडं एकदा बघितलं. मग सरळ वळली, सगळ्यांच्या मधून विहिरीकडं गेली, आणि ते पोचे पडलेलं, कललेलं पातेलं घेऊन आली. त्याला सकाळचा कोंडा चिकटलेला होता. काकूंनी तोंडाला पदर लावला. सुमननं ते घासलं, विसळलं, माझ्यापुढे ठेवलं.

"ह्यात करा," ती म्हणाली.

मी केलं. दुसरं सुचत काय होतं? पितळी पातेल्यातलं पाणी त्यात ओतलं, उकळी आणली, कडं सोडलं.

फसफसलं. आणि आला! तोच सडका, कुजका, नाक मुरडायला लावणारा वास. जन्मात कुठल्या अत्तराचा मला इतका आनंद झाला नसेल. मुलाचे वडील नाकाला धोतराचा सोगा लावून मागे सरकले आणि मी पातेल्यावर ओणवी होऊन तो वास पोटभर घेत होते.

कडं काढलं तेव्हा ते दुधासारखं पांढरं होतं.

नंतर विचार केला तेव्हा डोक्यात उजेड पडला. अहो, वसतिगृहात आमच्या मजल्यावर पाणी तापवायला भांडं एकच होतं, आणि तेही जर्मनचं! चांदीवरचा काळा थर सुटतो तो त्या जर्मनच्या जोरावर. सोडा आणि मीठ नुसते मदतीला. पण ज्या भांड्याला दुसरं भांडंच नव्हतं, त्याच्याबद्दल मला शंका येणार कशी? मी इतके दिवस स्वयंपाकाचं सगळं श्रेय मिठाला देत होते.

आजींनी कडं हातात घेतलं. उजेडाकडं धरलं. त्यावरची नक्षी अंगठ्यानं चाचपली. मग लेकाकडं वळून म्हणाल्या, "ही फुलं हायत रे. मी जनमभर पानं समजत हुते."

आवाज एकदम बदलला होता त्यांचा. त्यांनी ताटातला पट्टा उचलून मांडीवर घेतला, एकेक कोयरी बघितली, आणि सुमनला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "चुकलं माजं. तुमी नाय मोडली." काकू त्यांच्या पायाशीच बसल्या. माझा जीव भांड्यात पडला. पडणार कुठे, त्याच जर्मनच्या!

इथे गोष्ट संपायला हवी होती. मी पाणी ओतून द्यायला उठलेही होते.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "हां. आता हे परत काळं कर."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या थट्टेतल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्या म्हणाल्या, मला पटलं, कारण मी डोळ्यांनी बघितलं. पण लग्नात सगळं केळवे गाव गोळा होणार. नवरीच्या कंबरेला पांढरी चांदी, माझ्या मनगटात पांढरी चांदी. माझ्या जावा, नणंदा, भावकी, सगळ्या तेच म्हणणार, जे मी मघाशी म्हटलं. "मी काय कुनाकुनाला पातेलं दाकवत फिरू?"

मी म्हटलं, त्यात काय एवढं? संध्याकाळच्या एसटीच्या आत करून देते.

म्हणताना म्हटलं, आणि मग डोकं चालवायला बसले. काळं चढतं गंधकानं. ते काळं जाताना वास आला सडक्या अंड्याचा. म्हणजे ते गंधक अंड्यात असतं. म्हणजे…

मी काकूंना विचारलं, "काकू, घरात अंडी आहेत?"

काकूंनी माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की मी त्यांचं देवघर विकत मागितलं असावं. इतक्या दिवसांत आमच्या खोल्यांकडं कोंबडी फिरकली तरी त्या हाकलायच्या, आमच्या सोवळ्याला धक्का नको म्हणून. पण त्यांनी टोपली आणली. काकूंना पाहुण्यांचं जेवण बघायचं होतं, सुमनला आजेसासू-सासऱ्यांसमोर असलं काम सांगायचं नव्हतं. म्हणजे अंडी उकडायची मी, सोलायची मी, आणि गरम गरम कुस्करायचीही मी. साताऱ्याची सून, सोवळ्याच्या घरातली, ओटीवर फतकल मारून अंडी सोलत बसले होते. एकेक टरफल निघत होतं आणि कानात सासूबाईंचा आवाज येत होता.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो लगदा पसरला, वर केळीचं पान घातलं, त्याला भोकं पाडली, पानावर पट्टा आणि कडं ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं. आमचे हे कामावरून जेवायला आले तेव्हा हातापायांना अंडं लागलेली बायको डब्याला कान लावून बसली होती. त्यांनी चपला तशाच घातल्या आणि परत बाहेर जाऊन बसले.

थोड्या वेळानं झाकण काढलं तर चांदी पिवळी! आजी डोळे विस्फारून म्हणाल्या, "सोनं झालं काय गं?" क्षणभर, शपथेवर सांगते, मलाही वाटलं की झालं असावं. पण पुन्हा झाकण लावलं. मग तांबूस झाली, मग जांभळट, आणि चहाच्या वेळेपर्यंत काळी. मी वरच्या उंचवट्यांवरून ओला फडका हलक्या हातानं फिरवला. उंचवटे उजळले, खोलगट भागातलं काळं तसंच राहिलं, आणि नक्षी अशी उठून दिसायला लागली, की पहिल्यापेक्षा सुरेख.

आजींनी पट्टा नाकाशी धरला, चाचपला, आणि समाधानानं मान हलवली. "हां. आता माज्या सासूची दिसते." कडं मनगटात चढवलं आणि एसटी गाठली.

लग्न थाटात झालं. सुमन काळा पट्टा लेवून उभी राहिली आणि अशी दिसली, की मी तिथेच रडले. केळव्याच्या बायका पट्ट्याला हात लावून म्हणत होत्या, जुनी चांदी ती जुनीच. मी ऐकलं आणि गप्प राहिले. मी गप्प राहिले, हे यांना आजही खरं वाटत नाही.

पण आजी कुठल्या गप्प राहायला! जेवणं झाल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी दोन जिवलग बायकांना कानात सांगितलं. त्या दोघींनी आणखी काहींना सांगितलं. आता गंमत बघा. आजींना वाटलं होतं, चांदी पांढरी झाली तर लोक नावं ठेवतील. पण केळव्यात कितीतरी घरी चांदी नवीकोरी होती, आणि जुनी दिसावी असं प्रत्येकीला वाटत होतं. नवं कडं काळं केलं, की ते आजेसासूचं होत होतं! मी सालवडला चांदी उजळवण्यात नाव काढायला निघाले होते, आणि केळव्यात मला नाव मिळालं ते काळी करण्यात.

बरं, ते नावही कसलं, ते ऐका.

लग्नानंतर काही दिवसांनी सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडं राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी घराचा कोपरा न् कोपरा बघितला, फडताळ उघडून बघितलं, आणि खूश झाल्या. म्हणाल्या, "समुद्राकाठी राहूनसुद्धा घर राखलंस हो." मी नम्रपणे मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आत देवाची भांडी घासत होते. केळव्याची एक बाई आली. एका हातात फडक्यात बांधलेली पैंजणं, दुसऱ्या हातात टोपली, आणि टोपलीत अंडीच अंडी.

"अंडीवाल्या ताई हितंच ऱ्हातात ना?"

सासूबाईंनी तांदळाचं सूप जवळ ओढून घेतलं. "नाही हो. हे सोवळ्याचं घर आहे. पुढच्या आळीत विचारा."

तेवढ्यात मी भांडी घेऊन बाहेर आले. त्या बाईचा चेहरा खुलला. तिनं टोपली थेट सासूबाईंच्या सुपाशेजारी टेकवली आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, "अवं, ह्याच की त्या!"